रोज सोलापूर-पुणे, तेही शर्यतीच्या आठवड्यात

*पत्राचा सारांश:* होटगी रोडला राहणाऱ्या ४१ वर्षांच्या एका वाचक ताईंचं पत्र आहे. ऑस्ट्रियातल्या क्लागेनफुर्ट इथली आयर्नमॅन ही त्यांची पहिली पूर्ण अंतराची शर्यत. ३.८ किमी पोहणं, १८० किमी सायकल, ४२.२ किमी धावणं. शर्यत चार महिन्यांवर आली आहे. यजमानांचा टॉवेलचा कारखाना आहे, आणि १४ दिवसांच्या प्रवासाचा सगळा आराखडा त्यांनी आखलाय. बुधवारी ॲमस्टरडॅमला उतरायचं. मग भाड्याच्या गाडीने पॅरिस, इंटरलाकेन, मिलान, व्हेनिस, लुब्लियाना करत पुढच्या शुक्रवारी संध्याकाळी क्लागेनफुर्ट. रविवारी शर्यत, सोमवारी गाडीने व्हिएन्ना, मंगळवारी विमान. शुक्रवार ते शुक्रवार सुमारे २००० किमी होतात. त्यावर यजमान म्हणतात, "रोज सरासरी अडीचशे. सोलापूर-पुणे आपण जेवणाआधी करतो." शर्यतीनंतर बायकोला चालता येणार नाही, म्हणून फिरणं सगळं आधी. ताई विचारतात: "मी तर गाडीत नुसती बसून असणार, मग विश्रांती होईलच ना? शर्यत हा माझा हट्ट. आयुष्यात एकदा होणारी यांची सहल त्यापायी का बिघडवू? पण आतून भीती वाटते. काय करू?" हॉटेलं अजून रद्द करता येतात, विमानाची तिकिटं काढलेली नाहीत, आणि व्हिसाची अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात नेदरलँड्सची घेतली आहे, 'कारण उतरणार तिथे'.

*उत्तर:*

ताई, सुरुवात पत्राच्या शेवटापासून करते, कारण ती गोष्ट पुढच्या आठवड्यातली आहे. ती अपॉइंटमेंट बदला. शेंगेन व्हिसाचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांत मिळून चालणाऱ्या एकाच व्हिसाचा, अर्ज ज्या देशात सर्वांत जास्त दिवस राहणार त्या देशाकडे करायचा असतो. उतरण्याचा देश फक्त दिवस सारखे पडले तरच बघतात. तुमच्या यजमानांच्याच आराखड्यात नेदरलँड्सच्या दोन रात्री आहेत आणि ऑस्ट्रियाच्या चार, तीन क्लागेनफुर्टच्या आणि एक व्हिएन्नाची. म्हणजे आराखडा तोच ठेवला तरी अर्ज ऑस्ट्रियाकडेच जायला हवा. चार महिने हातात आहेत, अर्ज सहा महिने आधीपर्यंत करता येतो, तेव्हा घाबरण्याचं कारण नाही. फक्त आधी प्रवासाचा क्रम पक्का करा आणि मग अर्ज भरा, कारण हॉटेलांच्या पावत्या आणि अर्जातले दिवस जुळावे लागतात.

आता अडीचशे किलोमीटर. सरासरी बरोबर आहे, पण सरासरीत कोणी प्रवास करत नाही. तुमचे दिवस असे पडतात: शुक्रवारी ॲमस्टरडॅम-पॅरिस ५१० किमी, रविवारी पॅरिस-इंटरलाकेन ५८० च्या आसपास, मंगळवारी मिलान पावणेतीनशे, बुधवारी व्हेनिस २७०, गुरुवारी लुब्लियाना २४०, शुक्रवारी क्लागेनफुर्ट ८५. पहिले दोन टप्पे थांब्यांसकट सात-आठ तासांचे आहेत. शेवटचे चार दिवस रोज सकाळी सामान बांधायचं आणि रोज संध्याकाळी सोडायचं. पुण्याला जाताना तुम्ही घरातून निघता आणि ओळखीच्या दारात उतरता. तिथे रोज पार्किंग शोधणं, हॉटेलचा दाराचा कोड, जिना, आणि हातात सायकलची पेटी.

त्या पेटीपाशीच आराखड्याचं खरं दुखणं आहे. सायकल बाइक बॉक्समधून काढून जोडायला सवय असलेल्या माणसालाही पाऊण-एक तास लागतो, परत भरायला तेवढाच. एका रात्रीच्या मुक्कामात हे कोणी करत नाही. सोमवारी सोलापुरात पेटी भरली की ती थेट पुढच्या शुक्रवारी क्लागेनफुर्टला उघडणार. १८० किमी चालवण्याआधी तुम्ही ११ दिवस सायकलवर बसलेल्याच नसाल. पोहण्याचं तेच. पॅरिसच्या रस्त्यावर सकाळी धावणं तेवढं जमेल.

यावर प्रश्न येईल की शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत टेपर असतो, सराव कमीच करायचा असतो ना? कमी करायचा असतो तो एकूण वेळ, साधारण ४० ते ६० टक्क्यांनी. आठवड्यात किती वेळा करता आणि मधले छोटे जोरातले तुकडे, हे जवळजवळ तसंच ठेवायचं. दोन तासांची राइड पन्नास मिनिटांची होते, पण होते. टेपर म्हणजे सुट्टी असं समजून दहा दिवस सोडून दिले की पाय ताजे होण्याऐवजी जड आणि ठोकळ्यासारखे होतात. वर्षभर केलेली मेहनत दहा दिवसांत वाहून जात नाही, हे खरं. पण लय जाते, आणि पहिल्याच पूर्ण अंतराला लय नसेल तर पहिल्या ४० किमीतच मन खचतं.

आणि गाडीत नुसतं बसणं विश्रांती नव्हे. मांडीच्या वरचे, कंबरेला जोडणारे स्नायू तासन्‌तास आखडलेल्या स्थितीत राहतात, पोटऱ्यांत रक्त साचतं, घोटे सुजतात. लघवीला सारखं थांबायला नको म्हणून माणूस पाणी कमी पितो. पंपावर जे मिळेल ते खातो. रात्री मुक्काम नवा, उशी नवी. त्यात जूनमध्ये तिथे उजेड नऊपर्यंत रेंगाळतो, म्हणून जेवण साडेनऊला आणि झोप साडेअकराला. आठवडाभर हे चाललं तर शनिवारी तुम्ही दमलेल्याच असाल आणि कशाने ते कळणारही नाही.

इथपर्यंत वाचून तुम्हाला वाटेल की मी तुमची बाजू घेतेय. तशी घेत नाहीये. तुमच्या पत्रात "माझा हट्ट" आणि "यांची सहल" अशी वाटणी झाली आहे, ती मला पटत नाही. पहाटे साडेचारला तुम्ही तुळजापूर रस्त्याला सायकल काढली तेव्हा मागे गाडीत कोण होतं, हे तुम्हीच पत्रात लिहिलंय. हिप्परग्याच्या तलावात तुम्ही पोहताना काठावर टॉवेल घेऊन कोण उभं असतं, तेही. हा माणूस तुमच्या शर्यतीच्या विरोधात नाही. त्यांना शर्यतीचा आठवडा कसा असतो हे माहीत नाही, कारण तुम्ही तो त्यांना सांगितलेला नाही. ते त्यांच्या परीने तुम्हाला दोन्ही द्यायला निघालेत. म्हणून "मला झेपणार नाही" असं म्हणत जाऊ नका. तसं म्हटलं की ते "मीच सगळं चालवतो, तू झोप मागे" म्हणतील आणि विषय संपेल. कागद घेऊन बसा. एका बाजूला त्यांचे १४ दिवस, दुसऱ्या बाजूला प्रशिक्षकांनी त्या १४ दिवसांचा दिलेला सराव. प्रत्येक ओळीसमोर एकच प्रश्न: इथे सायकल कधी निघेल, आणि पाणी कुठे मिळेल? कारखानदार माणूस आहेत. माग चालू असताना सुताचा बीम बदलत नाहीत, हे त्यांना समजावून सांगायची गरज नाही.

मग पर्याय कोणते? सगळं फिरणं रद्द करून विमानाने थेट जायचं आणि यायचं, हा एक. शर्यतीला उत्तम, पण इतका खर्च करून हॉटेलची खोली आणि सायकलचा रस्ता बघून परतायचं, हा यजमानांवर अन्याय होईल. दुसरा, यजमान एकटे फिरून शुक्रवारी तुम्हाला गाठतील. काही जोडप्यांना हे जमतं. पण पहिल्या शर्यतीच्या आठवड्यात पेटी उघडायला आणि "होईल गं" म्हणायला माणूस जवळ हवं. तिसरा, सहलीचा क्रम उलटा करायचा. आधी थोडं, संथ. शर्यत. मग खरं फिरणं. माझं मत तिसऱ्याला आहे.

तो उलटा करताना "शर्यतीनंतर चालता येणार नाही" ही समजूत आड येते, म्हणून ती आधी बाजूला करू. सोमवारी आणि मंगळवारी मांड्या दुखतील, जिना उतरताना जास्त. चढताना तितकं नाही. सपाटीवर हळू चालणं मात्र चांगलंच, त्याने सूज उतरते. बुधवार-गुरुवारपर्यंत बहुतेकांचं चालणं नेहमीसारखं होतं. पायाची नखं काळी पडली असतील, भूक राक्षसासारखी लागेल, झोप मात्र पहिल्या रात्री धड येणार नाही. म्हणजे शर्यतीनंतरचे चार-पाच दिवस तळ्याकाठच्या गावाला फार छान, आणि व्हेनिसला वाईट, कारण तिथल्या जवळपास प्रत्येक पुलाला पायऱ्या आहेत. शर्यतीच्या दुसऱ्याच दिवशी ३०० किमी गाडी आणि तिसऱ्या दिवशी लांबचं विमान, हे मात्र नकोच. इतक्या श्रमानंतर लगेच तासन्‌तास एका जागी बसणं पायांतल्या रक्ताच्या गुठळ्यांच्या दृष्टीनेही बरं नाही. शिवाय रविवारी तुमच्याइतकाच वेळ यजमानही पायांवर असतील, आणि स्टिअरिंग त्यांच्या हातात असणार.

तुमच्या १४ दिवसांतच बसेल असा आराखडा देते. रविवारी सकाळी म्युनिकला उतरा. त्या दिवशी गाडी घेऊ नका, विमानतळाजवळ राहा. रात्रभर विमानात बसलेल्या माणसाने उजव्या बाजूच्या रहदारीत पहिल्यांदा गाडी चालवणं हा नसता धोका आहे. सोमवारी गाडी घेऊन साल्झबर्ग, १७० किमी. जुनं गाव पायी फिरा, संध्याकाळी नदीकाठी अर्धा तास हलकं धावा. मंगळवारी क्लागेनफुर्ट, २२० किमी, वाटेत टाउएर्न बोगदा. शर्यतीआधीची गाडी इथे संपली. मंगळवार ते पुढचा सोमवार, सात रात्री एकच पलंग, स्वयंपाकघर असलेली जागा. शर्यतीनंतरच्या मंगळवारी स्लोव्हेनियातलं ब्लेड, जेमतेम ८० किमी, दोन रात्री. तळ्याभोवतीची वाट सहाएक किमीची आणि सपाट आहे, दुखऱ्या पायांना तीच हवी. गुरुवारी परत ऑस्ट्रियात लिएन्झ, १९० किमी. शुक्रवारी ग्रोसग्लॉकनरचा घाटरस्ता ओलांडून त्सेल आम झे. शनिवारी तिथून २०० किमीवर म्युनिक विमानतळ, रात्रीचं विमान.

गाडी एकूण हजारेक किमी, निम्मी. जिथून घेतली तिथेच परत द्यायची, हा फायदा यजमानांना आकड्यांत दाखवा. ॲमस्टरडॅमला घेऊन व्हिएन्नाला सोडायची म्हटलं की दुसऱ्या देशात सोडण्याचा आकार लागतो, आणि तो कित्येकदा काही शे युरोंत जातो.

बर्फ बघायचं ते इंटरलाकेनलाच, असं त्यांच्या डोक्यात असेल. ग्रोसग्लॉकनरचा रस्ता ४८ किमीचा, ३६ वळणांचा, सर्वांत उंच जागी २५०४ मीटर. जूनमध्ये वरच्या भागात रस्त्याकडेला बर्फ असतो. फाट्यावरून आत गेलं की ३७९८ मीटरच्या ग्रोसग्लॉकनर शिखराचं आणि त्याखालच्या हिमनदीचं दर्शन होतं. टोल घेतात, रात्री रस्ता बंद असतो, म्हणून सकाळी लवकर निघा. उतरताना गाडी खालच्या गिअरमध्ये ठेवा. नुसत्या ब्रेकवर उतरणाऱ्यांचे ब्रेक तापून वास येतो, हे तिथे रोजचं आहे. घाट चालवायची आवड असलेल्या माणसाला हा एक दिवस पॅरिसच्या ट्रॅफिकपेक्षा नक्की आवडेल. आयफेल टॉवरची प्रतिकृती हवी तर क्लागेनफुर्टच्याच मिनिमुंडुस बागेत आहे, १:२५ प्रमाणात! (चेष्टा सोडा, पण शर्यतीच्या आधीच्या गुरुवारी तुम्ही पाय वर करून पडलेल्या असताना यजमानांनी एकट्याने जायला ती बाग आणि तळ्यावरचा पिरामिडेनकोगेलचा लाकडी मनोरा, दोन्ही उत्तम.) व्हेनिस हवंच असेल तर दोन दिवस वाढवा आणि ते ब्लेडनंतर घ्या. पॅरिस आणि ॲमस्टरडॅम या खेपेला सोडा. ती गाडीने फिरायची शहरं नव्हेतच.

गाडीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण असंच पत्र लिहिणारे बरेच जण इथे अडकतात. इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आपल्या एमएच-१३ च्या आरटीओतून मिळतं. अर्ज परिवहनच्या साइटवरून, फी १००० रुपये, मुदत एक वर्ष. पासपोर्टची प्रत लागते, व्हिसाचीही मागू शकतात, म्हणून व्हिसा हातात आला की लगेच करा. तिथे परमिट आणि मूळ लायसन्स दोन्ही दाखवावी लागतात. क्रेडिट कार्ड गाडी चालवणाऱ्याच्याच नावाचं हवं. डेबिट कार्डावर अनेक कंपन्या काउंटरवरून परत पाठवतात, आणि अनामत म्हणून मोठी रक्कम कार्डावर अडकून पडते, तेवढी मर्यादा शिल्लक ठेवा. ऑटोमॅटिक हवी असेल तर बुकिंगमध्ये तसं निवडा, नाहीतर मॅन्युअल मिळेल, तीही डाव्या सीटवरून उजव्या हाताने गिअर टाकायची. गाडीचा प्रकार स्टेशन वॅगन, तिकडे कॉम्बी म्हणतात. मागची सीट पाडल्यावर बाइक बॉक्स आडवी बसते. छोट्या हॅचबॅकमध्ये ती बसत नाही, आणि हे विमानतळाच्या पार्किंगमध्ये कळणं फार महागात जातं. स्लोव्हेनियात जाणार हे बुक करतानाच सांगा, कंपनीची परवानगी लागते.

रस्त्यांचा कर प्रत्येक देशाचा वेगळा. जर्मनीत मोटारींना महामार्गाचा टोल नाही. ऑस्ट्रियात व्हिनेट, म्हणजे महामार्गाचा ठरावीक मुदतीचा पास, लागतं. १० दिवसांचं असतं, पण तुम्ही दोन टप्प्यांत मिळून बारा दिवस आहात. मधले क्लागेनफुर्टचे दिवस महामार्गावर जाणारच नसाल तरी मंगळवारी ब्लेडला निघताना मुदत तपासा, आणि दोन महिन्यांचं किती पडतं तेही बघून ठेवा. डिजिटल घेतलं तर ते गाडीच्या नंबरावर असतं, म्हणून नंबर कळल्यावरच घ्या आणि वैधता कोणत्या तारखेपासून सुरू होते ते नीट वाचा. टाउएर्न आणि स्लोव्हेनियाच्या वाटेवरचा कारावांकेन या बोगद्यांना व्हिनेट असूनही वेगळा टोल आहे. स्लोव्हेनियाचं ई-व्हिनेट सीमेआधी. हे विसरलं की दंड घरच्या पत्त्यावर येतो, वर भाडेकंपनी आपला प्रक्रिया आकार लावते.

उजव्या बाजूने चालवणं महामार्गावर अर्ध्या तासात अंगवळणी पडतं. चूक होते ती पंपावरून किंवा पार्किंगमधून रिकाम्या रस्त्यावर येताना, समोर कोणी नसतं तेव्हा. तिथे शेजारी बसून "उजवीकडे" म्हणायचं काम तुमचं. डावीकडे बसल्यामुळे गाडी नकळत उजवीकडे सरकते आणि उजवं चाक कठड्याला घासतं. इंडिकेटर डाव्या हाताला असतो, म्हणून पहिला दिवस वळणावळणावर वायपर फिरतील, हसून घ्या. चौकातल्या गोलाला उलट दिशेने, म्हणजे घड्याळाच्या काट्याविरुद्ध फिरायचं, आत असलेल्याचा हक्क आधी. ओव्हरटेक डावीकडूनच, झालं की लगेच उजव्या लेनमध्ये परत. महामार्गावर वाहतूक थांबली की सगळ्यात डावी लेन डावीकडे आणि बाकीच्या उजवीकडे सरकून मध्ये ॲम्ब्युलन्सला वाट ठेवतात, थांबायच्या आधीच. ऑस्ट्रियात महामार्गावर १३०, गावाबाहेर १००, गावात ५०. व्हेनिस धरलंत तर एक लक्षात ठेवा, इटलीत बेन्झिना म्हणजे पेट्रोल आणि गासोलियो म्हणजे डिझेल. आणि तिथल्या जुन्या गावांच्या तोंडाशी झेडटीएल (बाहेरच्या गाड्यांना मर्यादित प्रवेश) असा फलक दिसला की आत शिरू नका, कॅमेरा असतो.

सायकल भरताना: रिअर डिरेलर (मागचे गिअर बदलणारा भाग) काढून कापडात गुंडाळून फ्रेमच्या आत बांधा. तो तसाच ठेवला तर पेटी आपटून हँगर (डिरेलर ज्यावर बसतो तो तुकडा) वाकतो, आणि मग गिअर उड्या मारतात. हँगर बहुतेक फ्रेमचा वेगळा असतो, तुमचा जादा एक सोलापुरातूनच न्या. डिस्क ब्रेक असतील तर चाकं काढल्यावर पॅडमध्ये प्लास्टिकचा स्पेसर घाला, कारण प्रवासात लिव्हर दाबला गेला तर पिस्टन मिटतात आणि चाक बसत नाही. सीटपोस्ट आणि हँडल काढण्याआधी चिकटपट्टीने खूण करा. छोटा टॉर्क रेंच न्या, कार्बनच्या भागांवर ताकद लावू नका. चाकात हवा भरायच्या कार्बन डायऑक्साइडच्या नळ्या नेऊ नका, विमान कंपनीच्या परवानगीविना त्या काढून घेतात, तिथेच विकत घ्या. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत, खायची एनर्जी जेल मात्र मोठ्या सामानात. बाइक बॉक्सची नोंद तिकीट काढतानाच करा. पेटी भरण्याची तालीम मे महिन्यात एकदा यजमानांनी करावी, तुम्ही शेजारी फक्त बघत बसा.

क्लागेनफुर्टचा आठवडा. शनिवारी रात्री मुंबईहून निघणार, म्हणजे शेवटची राइड शुक्रवारी सकाळी सोलापुरात. मंगळवारी संध्याकाळी सायकल जोडा. बुधवारी तासभर चालवा, गिअर आणि ब्रेक तपासा, काही बिघडलं तर दुरुस्तीला तीन दिवस राहतात. शुक्रवारी संध्याकाळी पोहोचलात तर हे तीन दिवस नसतात, एवढी एकच गोष्ट जुना आराखडा मोडायला पुरेशी आहे. बुधवारी आणि शुक्रवारी वर्टरझे तळ्यात वेटसूट (ऊब देणारा रबरी सूट) घालून वीस-पंचवीस मिनिटं पोहा. आपल्याकडे उन्हाळ्यात तलावाचं पाणी कोमट असतं, तिथे पहिल्या मिनिटाला थंडीने श्वास अडकतो. तोंड पाण्यात घालून हळू श्वास सोडत राहा, एक-दोन मिनिटांत सुटतो, पण हे शर्यतीच्या सकाळी पहिल्यांदा अनुभवायचं नाही. पाणी २४.५ अंशांपेक्षा जास्त तापलं तर हौशी गटाला वेटसूट मिळत नाही, तेव्हा त्याशिवायही पोहायची मनाची तयारी ठेवा. मानेला वंगण लावा, नाहीतर कॉलर सोलून काढते. पोहण्याचा शेवटचा भाग तळ्यातून लेंड कालव्यात शिरतो. कालवा अरुंद आहे, काठावरून माणसं हाताच्या अंतरावर दिसतात. यजमानांनी उभं राहायची जागा तीच. गुरुवारी अर्धा तास धावून ओळखपत्रासह नोंदणी, ती स्वतःच करावी लागते. शनिवारी सायकल जमा, त्याआधी पंधरा मिनिटं चालवून.

झोपेचं गणित तुमच्या बाजूने आहे. तिथलं घड्याळ साडेतीन तास मागे. पहाटे साडेचारला उठणारं सोलापूरचं शरीर तिथे पहिल्या रात्री एकला जागं होईल, मग रोज थोडं पुढे सरकत आठवड्याने चार-साडेचारवर येईल. शर्यतीच्या दिवशी उठायचं तेव्हाच आहे. म्हणून घड्याळ पूर्ण जुळवायचा आटापिटा नको. नऊला पडदे ओढून, डोळ्यांवर पट्टी बांधून झोपा.

पाळीची तारीख शर्यतीच्या आसपास येत असेल तर स्त्रीरोगतज्ज्ञांशी आत्ताच बोला. पुढे ढकलायची गोळी शर्यतीच्या आठवड्यात पहिल्यांदा घेऊन बघू नका. विमा काढताना शेंगेनला लागणारं किमान ३०,००० युरोंचं कवच तर हवंच, पण स्पर्धेतली इजा त्यातून वगळलेली नाही ना, हे पॉलिसीत वाचा. बऱ्याच पॉलिसींत ती वगळलेली असते.

खाण्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण सोलापूरकर बॅगेत काय भरणार हे माहीत आहे. कडक भाकरी आणि शेंगाचटणी न्यायला हरकत नाही, सीलबंद पाकिटात. तूप, पेढे, खव्याचं काही नेऊ नका, बाहेरून दुधाचे पदार्थ आणायला युरोपीय संघात मनाई आहे. मात्र शर्यतीआधीच्या दोन दिवसांत ज्वारी आणि शेंगदाणे ताटात नकोत. तंतू आणि तेल दोन्ही पोटात रेंगाळतात, आणि धावताना त्याची आठवण करून देतात. ते दोन दिवस भात, बटाटा, पांढरा ब्रेड, पास्ता. वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ८ ते १० ग्रॅम कर्बोदकं, म्हणजे तुमच्या ५५ किलोंना ४४० ते ५५०. ते एका रात्रीच्या पंगतीत होत नाही, दिवसभर थोडं थोडं खावं लागतं. शर्यतीत सायकलवर तासाला ६० ते ९० ग्रॅम, पण सोलापुरात लांबच्या राइडला जेवढं पचलंय तेवढंच, त्याच जेलमधून. तिथे ऊन आपल्यापेक्षा सौम्य असेल, सोलापूरच्या सवयीने शर्यतीच्या वाटेवरच्या प्रत्येक टेबलावर पाणी ढोसू नका. घामापेक्षा जास्त पाणी प्यायलं की रक्तातलं मीठ पातळ होतं आणि ते तहानेपेक्षा घातक.

ऑस्ट्रियात रविवारी किराणा दुकानं बंद असतात. रविवार रात्रीचं आणि सोमवार सकाळचं सामान यजमानांनी शनिवारी दुपारीच आणून ठेवावं: दही, केळी, अंडी चालत असतील तर अंडी, आणि तांदूळ. शेंगाचटणीचं पाकीट तोवर त्यांच्या बॅगेत राहू द्या.